अकरा बारांची शांतता

मसूतात्या शेगडीपुढं उकिडवा बसला होता. तांब्याचा मोठा नगारा कलता धरून त्याचं कातडं तो निखाऱ्यांच्या धगीवर हळूहळू फिरवत होता. मधेच थांबायचा, कातड्याला कान लावायचा, ओठ मिटून एक सूर गुणगुणायचा आणि पुन्हा शेकायला लागायचा. बॅरेटो मास्तर व्हायोलिनवर तोच सूर पुन्हापुन्हा धरून त्याच्या डोक्याशी उभे होते. हवा दमट होती, कातडं सैल पडलं होतं आणि बाकीची बावीस माणसं वाद्यं मांडीवर घेऊन मसूतात्याच्या कातड्याची वाट बघत होती.

"झालं, मास्तर," तो शेवटी म्हणाला. मास्तरांनी टिचकी मारून पाहिलं आणि मान हलवली. सूर चोख होता. तो नेहमीच चोख असायचा.

ही एकोणीसशे अडतीस सालची गोष्ट. सोनवडे संस्थानात थोरल्या महाराजांनी हौसेनं विलायती वाद्यवृंद उभा केला होता. ते गेले, गादीवर मुलगा आला. त्याला शिकारीचा नाद होता, पण वडिलांची आठवण म्हणून त्यानं वृंद मोडला नाही. मी त्यात दुसरा हॉर्न वाजवायचो. माझं नाव याकोब सातपुते. मिशनच्या शाळेत शिकलेला, तेवीस वर्षांचा, नाकावर राग असलेला आणि स्वतःला फार शहाणा समजणारा. राजवाड्यात आमच्या वाद्याला सगळे शिंगच म्हणायचे. त्याचाही मला राग यायचा.

मसू आवळे हा खरा हलगीवाला. दसऱ्याच्या मिरवणुकीत त्याची हलगी ऐकून मास्तरांनी त्याला वृंदात आणलं आणि घोडदळाचे जुने तीन नगारे त्याच्यापुढं ठेवले. वाद्यवृंदात या नगाऱ्यांना टिंपनी म्हणतात. मास्तर गोव्याचे, त्यांना असल्या गोष्टींचं काही वाटत नसे. बाकीच्यांना वाटे. मसूतात्या मागच्या दारानं यायचा, पाणी आपल्या लोट्यानं प्यायचा आणि चहाच्या वेळी बाहेर कडुनिंबाखाली जाऊन बसायचा. मी आत सगळ्यांबरोबर चहा प्यायचो. माझा आजा आणि मसूतात्याचा बाप एकाच वस्तीत वाढलेले. आज्यानं बाप्तिस्मा घेतला, आम्ही सातपुते झालो आणि मिशनच्या गावात राहायला गेलो. हे राजवाड्यात कुणाला माहीत नव्हतं. मसूतात्याला माहीत होतं. चारचौघांत तो मला 'साहेब' म्हणायचा, दोघंच असलो की 'याकू'.

टिंपनीवाल्याचं काम मुख्यतः गप्प बसण्याचं असतं. चार ठोके वाजवायचे आणि मग साठ-साठ, सत्तर-सत्तर बार नुसते मोजायचे. बार म्हणजे चार मात्रांचं एक घर. मसूतात्याला कागद वाचता येत नव्हता. माझा हॉर्न त्याच्या शेजारीच असल्यामुळं मी मोजायचो आणि त्याची वेळ आली की हनुवटी खाली करून मान हलवायचो. तोही पायाच्या अंगठ्यानं मोजायचा. त्याचं मोजणं माझ्यापेक्षा पक्कं होतं. एकदा मीच दोन बार चुकलो होतो आणि त्यानं नंतर हसत हसत ते सांगितलं. तरी माझी मान हलल्याशिवाय तो काठी उचलायचा नाही.

"अरे, तुला ठाऊक असतं, मग थांबतोस कशाला?" मी त्याला विचारलं होतं.

"कागुद तुझ्याकडं हाय," तो म्हणाला. "कागदाबिगर वाजिवलं तर इचारत्याल, कुणी सांगितलं हुतं म्हनून."

आता होलुबबद्दल सांगायला हवं. वेन्झेल होलुब. थोरल्या महाराजांनी व्हिएन्नात कुठल्याशा लिलावात एक पेटी उचलली होती. ती वीस वर्षं जामदारखान्यात पडून होती. मास्तरांनी ती उघडली तेव्हा तळाशी उंदरांनी कुरतडलेली हस्तलिखितं निघाली. त्यांत या माणसाच्या सात सिंफनी होत्या. दीडशे वर्षांपूर्वी, हायडनच्या जमान्यात, बोहेमियातल्या एका बिशपच्या पदरी हा वाजवायचा. मास्तरांनी परदेशी चार पत्रं पाठवली. दोघांचं उत्तर आलं. होलुबचं नाव कुणी ऐकलेलं नव्हतं.

पहिल्या सहा सिंफनीतच माणूस काय चीज होता ते कळायचं. एका ठिकाणी व्हायोलिनवाल्यांनी गजाच्या लाकडानं तारा बडवायच्या. एका ठिकाणी सगळी सुरावट खालच्या सुरातल्या, थोराड व्हायोलांकडं, आणि व्हायोलिनं नुसती मागं मान डोलावत बसलेली. आणि सातवी! तिचा शेवटचा भाग वावटळीसारखा सुटायचा, सगळी वाद्यं चढत चढत टोकाला जायची आणि नेमकं तिथं सगळं तोडून टाकलेलं. सूर मुक्कामाला पोचायच्या आधीच. मग अकरा बार कुणीही काहीही वाजवायचं नाही. अकरा बारांनंतर एकटी टिंपनी, तिच्यावर कापड टाकून. सावकाश सोळा ठोके. मग तळातून एकेक वाद्य येई आणि कुजबुजल्यासारखा शेवट होई.

बिशपनं ही सिंफनी ऐकून त्याला नोकरीवरून काढलं, असं पेटीतल्या एका चिठ्ठीत होतं. मास्तर ती गोष्ट पुन्हापुन्हा सांगायचे. म्हणायचे, या अकरा बारांसाठी माणसानं भाकरी घालवली, ते वाजवायचे तर पुरते वाजवायचे, छप्पर कोसळलं तरी. हे ऐकताना माझ्या अंगावर काटा यायचा. मी आधी बँडातले कवायतीचे मार्च वाजवलेला माणूस. संगीतात न वाजवणंही लिहिता येतं, हे मला होलुबनं शिकवलं. त्या माणसासाठी मी कुणाशीही भांडलो असतो.

मसूतात्यानं पहिल्यांदा ते सोळा ठोके वाजवले तेव्हा मास्तरांचे डोळे भरून आले. मसूतात्यानं मात्र काठ्या खाली ठेवल्या.

"मास्तर, ही मयताची चाल हाय," तो म्हणाला.

मास्तर हसले. ही बोहेमियाची चाल आहे, म्हणाले.

"आसंल. पर आमी मयताम्होरं हीच वाजिवतो. हलगी जरा ढिली करायची, वर फडकं टाकायचं आन् असंच संथ मारायचं. राणीसायबांच्या कार्याला ही नको."

कार्य म्हणजे राणीसाहेबांचं डोहाळजेवण. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, दोनदा दिवस जाऊन गर्भ पडला होता. या खेपेला सातवा महिना लागला तसं संस्थानभर देवळांतून अभिषेक सुरू झाले. डोहाळजेवणाच्या संध्याकाळी दरबार हॉलमध्ये मेजवानी आणि मेजवानीआधी आमचं वादन, असं ठरलं होतं. महाराजांनी मास्तरांना 'काहीतरी भारी बसवा' एवढंच सांगितलं होतं. मास्तरांनी होलुबची सातवी काढली.

मास्तरांनी मसूतात्याचं बोलणं कानाआड केलं. मग तो माझ्याकडं वळला. मी त्याला सांगितलं की राजवाड्यात कुणाला काय कळतंय, त्यांना रात्रीच्या जेवणाची घंटा तेवढी कळते.

"त्यास्नी कळायचं न्हाई," तो म्हणाला. "पर कानाला कळतंय, याकू."

मी ते हसण्यावारी नेलं.

कार्यक्रमाच्या दिवशी हॉल माणसांनी भरला होता. पुढं कोचांवर महाराज आणि पाहुणे संस्थानिक, मागं सरदार-दरकदार, डाव्या हाताला चिकाच्या पडद्याआड राणीसाहेब आणि बायका. आम्ही एका टोकाला ओट्यावर. पूर्वीच्या रिवाजाप्रमाणं मास्तर हातात काठी घेत नसत, पहिल्या व्हायोलिनवर बसून गजाच्या इशाऱ्यानंच सगळ्यांना चालवत.

पहिला भाग सुरू झाला आणि लोक बोलत राहिले. पानदानांची झाकणं वाजत होती. महाराजांचे एक चुलतभाऊ वाघाची गोष्ट सांगत होते आणि वाघ काही मरत नव्हता. दुसऱ्या भागात, जिथं व्हायोला इतकी हळू गातात की शेजारच्यालाही जेमतेम ऐकू जावं, तिथं कुणीतरी सोडा मागवला आणि बाटलीची गोळी फटकन आत गेली. माझे कान तापले. चार महिने आम्ही घासलं होतं. ओठ फुटेपर्यंत मी ते सूर काढले होते. आणि हे लोक सोडा पीत होते.

मग शेवटचा भाग आला. वावटळ सुटली, टोकाला गेली आणि तुटली.

इतका वेळ चाललेल्या आवाजामुळं त्या शांततेत हॉल एकदम दचकला. वाघाची गोष्टही थांबली. एक बार, दोन बार, तीन. मला वाटलं, आता ऐकतायत. आता यांना कळेल. चौथ्या बाराला महाराजांनी सुस्कारा सोडला, 'वा' म्हणाले आणि उठून उभे राहिले.

महाराज उठले की सगळ्यांनी उठायचं आणि वाजणारं वाद्य थांबायचं, हा आमच्याकडचा कायदा. अख्खा हॉल उठला. चोपदारानं ललकारी दिली. अत्तरगुलाबाची तबकं घेऊन माणसं पुढं निघाली. मास्तर खुर्चीवरून उठले, आमच्याकडं पाठ केली आणि महाराजांपुढं कमरेत वाकले. व्हायोलिनवाल्यांनी गज खाली केले.

आणि तेवढ्यात टिंपनी वाजली.

कापडाखालून आलेला तो आवाज मोठा नव्हता. पण त्या हॉलमध्ये असा एकही माणूस नव्हता ज्यानं तो गावाच्या वेशीबाहेर कधी ना कधी ऐकला नव्हता. एक, मग थांबून दुसरा, मग तिसरा. महाराज उभे होते तसेच राहिले. अत्तराचं तबक धरलेला माणूस जागीच खिळला. सहावा ठोका पडला तेव्हा चिकाच्या पडद्याआड काचेचं काहीतरी फुटलं आणि एक म्हातारी बाई मोठ्यानं देवाचं नाव घेऊ लागली. नवव्या ठोक्याला चोपदारानं ओट्यावर झेप घेऊन मसूतात्याचा हात धरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी खासगी कारभारी विश्वासराव इंगळ्यांनी आम्हाला कचेरीत बोलावलं. आम्ही तिघंच होतो. मास्तर, मी आणि दाराबाहेर पायरीशी मसूतात्या. विश्वासराव आरडाओरडा करणारा माणूस नव्हता. त्यांनी आधी मास्तरांना विचारलं. मास्तर म्हणाले की महाराज उठताच त्यांनी वादन संपवलं होतं, ते वाकले होते, त्यांनी इशारा दिला नाही. हे खरंच होतं. सगळ्या हॉलनं पाहिलं होतं.

"मग याला वाजव म्हणून कुणी सांगितलं?"

विश्वासरावांची नजर माझ्यावर आली. टिंपनीशेजारी कोण बसतो, हे त्यांना माहीत होतं.

"शिंगवाले, तू काही सांगितलंस?"

मी तोंड उघडायच्या आत दाराबाहेरून आवाज आला.

"त्या सायबांचा काय संबंध न्हाई, सरकार. म्यांच मोजलं. मला कागुद कळत न्हाई. चूक माझी हाय."

मी बुटांकडं बघत राहिलो. चांगले बूट होते, काळे, पगारातून पहिल्यांदा घेतलेले. विश्वासरावांनी त्याला राजवाड्याचे दरवाजे बंद केले, एवढ्यावर भागलं हे नशीब समज म्हणाले आणि कागदावर सही केली. बाहेर आल्यावर मसूतात्या कडुनिंबाखालचा आपला लोटा उचलून मागच्या दारानं निघून गेला. मी त्याच्यामागं चार पावलंही गेलो नाही. मनाशी म्हटलं, हलगीवाला आहे, हलगी वाजवून पोट भरेल. नोकरीच तर गेली आहे.

नवव्या दिवशी राणीसाहेबांचं पोट पडलं. मुलगा होता म्हणे.

त्या दिवशी बाजारपेठ बंद झाली. नऊ ठोके आणि नववा दिवस, असं बायका पाण्यावर बोलू लागल्या. राजवाड्यातून कुणी हुकूम दिला होता का, ते मला आजतागायत माहीत नाही. तशी गरजही नव्हती. त्यानंतर तिसऱ्या दिवशी भर दुपारी मसूतात्या ओढ्याकाठी दोरांसाठी वाख भिजवत असताना सहा-सात माणसं आली. त्यांनी त्याला मारला नाही फारसा. दोघांनी धरलं आणि उजव्या हाताची बोटं दगडावर ठेवून दगडानंच ठेचली. वस्तीतली माणसं पलीकडच्या काठावरून बघत होती. कुणी फिर्याद केली नाही.

मला हे वृंदातच कळलं. चहाच्या वेळी कुणीतरी सांगितलं आणि दुसरा कुणी म्हणाला, वाईट झालं, पण शहाणपणा नडला त्याला. मी कप ठेवला. मास्तर त्याच आठवड्यात गोव्याला निघून गेले, परत आलेच नाहीत. होलुबची पेटी पुन्हा जामदारखान्यात गेली.

मी तीन आठवड्यांनी गेलो. तीन आठवडे हिंमत झाली नाही. मसूतात्या मिशनच्या दवाखान्यात होता. दोन बोटं काढून टाकली होती, बाकीची कधी वळणार नव्हती. त्याची बायको साळूकाकू खाटेशी बसली होती. तिनं मला पाहिलं आणि भांडं विसळायच्या निमित्तानं उठून गेली. ती माझ्याशी एक अक्षर बोलली नाही, तेव्हाही नाही आणि पुढंही कधी नाही.

मी माफी मागायची म्हणून वाक्यं जुळवून आणली होती. खाटेशी बसल्यावर एकही आठवेना.

"तात्या, कचेरीत मी बोलायला पाहिजे होतं."

"बरं झालं, न्हाई बोललास," तो म्हणाला. "तुझं नाव आलं असतं तर त्यांनी इचारलं असतं, हा कोन, कुणाचा. मग तुझंबी शिंग गेलं असतं. एकाचं गेलं, पुरं झालं."

मी रडायला लागलो. तो डाव्या हातानं पांघरूण नीट करत राहिला. माझं रडणं थांबेपर्यंत थांबला आणि मग जे इतके दिवस त्याच्या मनात होतं ते त्यानं विचारलं.

"याकू, महाराज उटलेलं तू बघितलं हुतंस का?"

"हो."

"म्यांबी बघितलं हुतं. काठ्या खाली ठिवल्या हुत्या म्यां. म्हटलं, संपलं. मग तुझ्याकडं बघितलं."

हे खरं होतं. सगळं असंच झालं होतं. हॉल उभा राहिला, मास्तर वाकले, आणि मी मोजत राहिलो. पाच, सहा, सात. मास्तरांच्या त्या वाकलेल्या पाठीचा मला संताप आला होता. छप्पर कोसळलं तरी म्हणणारा माणूस एका सुस्काऱ्यानं वाकला होता. सोडा पिणाऱ्यांचा संताप आला होता. आठ, नऊ. यांना परत खाली बसवावं, यांना शेवटपर्यंत ऐकायला लावावं, असं मला वाटलं. दहा. मसूतात्याच्या काठ्या खाली होत्या, तो माझ्याकडं बघत होता आणि डोळ्यांनी विचारत होता. मी मनात आणलं असतं तर मान आडवी हलवता आली असती. नुसतं कागदाकडं बघत बसलो असतो तरी चाललं असतं. अकरा. मी हनुवटी खाली केली. राग माझा होता आणि मी तो त्याच्या हातात दिला. मला स्वतःला वाजवायचं काही नव्हतं. माझा हॉर्न मांडीवर होता.

हे मी त्याला सांगितलं. सोडा, मास्तरांची पाठ, सगळं. त्यानं ऐकून घेतलं. चिडेल असं वाटलं होतं, चिडला असता तर बरं वाटलं असतं.

"म्हंजे मान चुकून न्हवं हलिवलीस," तो म्हणाला.

"नाही."

"आन् मोजणी? अकराच झालं हुतं नव्हं?"

"अकराच."

"माझंबी अकराच आलं हुतं." त्यानं डोळे मिटले. मग म्हणाला, "जा आता. साळू बाहिर ताटकळत आसंल."

त्यानंतर तो मला भेटला नाही. एका हातानं वाख वळता येत नाही, हलगी तर नाहीच. दोन वर्षांनी तो गेला, हे मला गेल्यानंतर महिन्याभरानं कळलं. त्याच्या मयतापुढं कुणी हलगी वाजवली का, विचारायचं धाडस झालं नाही. मी मात्र संस्थान विलीन होईपर्यंत दुसरा हॉर्न वाजवत राहिलो, शेवटची तीन वर्षं तर पहिला. नव्या टिंपनीवाल्याला कागद वाचता यायचा. त्यानं कधी माझ्याकडं बघितलं नाही.

आता शहात्तरावं चालू आहे. हॉर्न केव्हाच सुटला, दात नाहीत. रविवारी मिशनच्या देवळात पुढच्या बाकावर बसतो. प्रवचनानंतर आमचे पाळकसाहेब सगळ्यांना मूक प्रार्थनेला बसवतात. देऊळ गप्प होतं आणि माझा पायाचा अंगठा बुटात हलायला लागतो. मी प्रार्थना करायचा प्रयत्न करतो, नाही असं नाही. पण अकरा झाले की माझी हनुवटी आपोआप खाली येते. मागच्या बाकावरच्या पोरींना वाटतं, म्हातारा पेंगला.